आत्यानं गच्चीवरून दिलेली हाक

आमची आत्या चादरी धुवायची. घरच्या नाही, दवाखान्याच्या. मोठ्या दवाखान्याच्या तीनशे खाटा, त्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं गाठोडी बांधून टेम्पोतून यायचं आणि आत्याच्या हाताखालून पांढरंशुभ्र होऊन परत जायचं. पंधराव्या वर्षी ती धुलाईत कामाला लागली. मधे दीड वर्ष लग्न करून आली, नवरा काही धड निघाला नाही, परत आली ती घरी पिशवी टाकून थेट हौदावर जाऊन उभी राहिली. म्हणायची, "तिकडं एकाचे कपडे धुवून शिव्या मिळायच्या, इथं तीनशे जणांचे धुते तर निदान पगार मिळतो." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसायची. पुढं पुढं ते हसणं खोकल्यात जायचं, पण ते नंतरचं.

धुलाईची इमारत तीन मजली होती. खाली हौद आणि कपडे उकळायची भट्टी, मधल्या मजल्यावर इस्त्री, वर गच्ची. गच्चीवर बावीस दोऱ्या. कठड्यापाशी उभं राहिलं की रस्त्यापलीकडं कारखान्याची भिंत, इतकी जवळ की आतल्या माणसानं विडी पेटवलेली दिसावी. पिकावरची कीड मारायचं औषध बनायचं तिथं, वस्तीला एवढंच ठाऊक. रस्ता उजवीकडं चढत चढत बाजाराला जायचा. डावीकडं आमची गल्ली, ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरत खाली ओढ्याला भिडायची. सगळी वस्ती त्या उतारावरच.

आता चादर पांढरी राहायची तर वारा कळावा लागतो. कारखान्याच्या चिमणीतून काळे कण उडायचे. वारा बाजाराकडं असला तर काळजी नाही, गच्चीकडं फिरला की सगळा माल परत हौदात. म्हणून आत्याचा दिवसभर एक डोळा दोरीवर. चादर कुठल्या बाजूला फुगते, टोक किती फडफडतं, यावरून ती सांगायची की तासाभरात वारा फिरणार, आणि फिरायचा बघा. वस्तीत तिचं नावच पडलं होतं, हवामान खातं. खालून बायका विचारायच्या, "काय हो हवामान खातं, गाद्या टाकू का उन्हात?"

"टाक, पण तीनच्या आत उचल."

"आणि नाही उचलल्या तर?"

"तर नवऱ्याला काळ्या गादीवर झोपव. तसाही तो काही गोरा नाही."

लोक तिच्या शब्दावर गाद्या टाकायचे, धान्य वाळवायचे, लहान पोरांना बाहेर खेळायला सोडायचे. ती कधी चुकली नाही. तेच तर नडलं. आधी एकदा जरी चुकली असती ना, तर त्या दिवशी लोकांनी तिचं ऐकलं नसतं.

राहायची थोरल्या भावाकडं, आम्ही धाकट्याची मुलं. भाऊ ट्रकवर ड्रायव्हर. भावजयीला ती वहिनी म्हणायची, म्हणून इथंही वहिनीच म्हणू. वहिनी मुलींच्या शाळेत शिपाई होती. ती आत्याला वन्सं म्हणायची. दोघींचं नणंद-भावजयींचं असतं तसंच, कपभर चहावरून भांडण आणि त्याच चहावर समेट. वहिनीला एकच मुलगी, सतरा वर्षांची झाली तरी सगळे छकुलीच म्हणायचे. वहिनी सकाळी सातला शाळेत जायची, त्यामुळं पोर वाढली ती आत्याच्या कडेवर, चादरींच्या मधून लपाछपी खेळत.

तो मंगळवार होता. सकाळचे पावणेअकरा झाले असतील. भाऊ माल घेऊन बाहेरगावी, वहिनी शाळेत. आत्या गच्चीवर ओल्या चादरी टाकत होती. मधल्या मजल्यावरचे इस्त्रीवाले काका चहाचा कप घेऊन वर आले होते, त्यांना भट्टीच्या उकाड्यातून सुटायला काहीतरी निमित्त लागायचं. आधी आवाज आला, मोठ्या कुकरची शिट्टी अडकून बसावी तसा, थांबेचना. मग कारखान्याच्या मागच्या अंगानं पांढरं काहीतरी वर आलं. भोंगा वाजला नाही. बाहेरच्या भोंग्याची तारच काढून ठेवली होती, उगाच लोक घाबरतात म्हणून. हे खूप नंतर कळलं.

डोळ्यांत तिखट फेकल्यासारखं झालं. काका कप टाकून पाण्याला खाली धावले. गल्लीत लोक बाहेर आले, काय झालं, काय झालं. दोघंचौघं रस्त्यानं बाजाराकडं पळायलाही लागले. आणि आत्यानं काय केलं, तर आयुष्यभर जे केलं तेच. तिनं दोऱ्यांकडं बघितलं. बावीसच्या बावीस दोऱ्यांवर चादरी बाजाराच्या दिशेनं टम्म फुगलेल्या. ती कठड्यावर ओणवी झाली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाजाराकडं जाऊ नका! वारा तिकडंच आहे! खाली ओढ्याकडं पळा, ओढ्याकडं!"

गल्ली क्षणभर थबकली आणि वळली. बाजाराकडं निघालेले ते दोघंचौघंसुद्धा मागं फिरले. हवामान खात्यानं सांगितलं म्हटल्यावर विषयच नव्हता. छकुली इमारतीच्या अगदी खालीच उभी होती, कडेवर शेजारच्यांचं दोन वर्षांचं पोर. तिनं मान वर केली, दोघींचं दोन शब्द बोलणं झालं, आणि छकुली पायऱ्या उतरायला लागली. बाकीचे तिच्या मागं.

आत्याला वाटलं, सुटले.

ती चादरी काढायला लागली. दवाखान्याचा माल, खराब झाला तर भरून द्यावा लागेल, डोक्यात तेवढंच. एक ओली चादर तोंडाला गुंडाळली आणि चिमटे काढत सुटली. सहावी की सातवी दोरी असेल, तिनं सहज खाली बघितलं.

वरचं पांढरं वाऱ्याबरोबर बाजाराकडं चाललं होतं, तिचा अंदाज बरोबर होता. पण खालचं नाही. खालचं भिंतीवरून असं आलं जसं दूध उतू जातं. रस्त्यावर पडलं, पसरलं आणि डावीकडं वळलं. गल्लीत वारा नव्हताच मुळी. दोन्हीकडं घरं, मधे खोलगट जागा, पान हलत नव्हतं. आणि ते पांढरं एक पायरी उतरलं, तिथं साचलं, मग पुढची पायरी उतरलं. घाई नाही, काही नाही. जड होतं ते. पाणी जसं उताराला जातं तसं ते उताराला चाललं होतं, त्याला वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आत्या ओरडली, "परत फिरा!" आवाज फुटला नाही. घशातून नुसती फुसफुस. तिनं चादर हलवली, परत हलवली. लोकांच्या पाठी होत्या तिच्याकडं. हवामान खात्यानं सांगितलेल्या दिशेला तोंड करून सगळे भराभरा चालले होते.

त्या दिवशी किती गेले याचा आकडा आजपर्यंत धड कोणी सांगितलेला नाही. झोपलेले गेले, दुकानातले गेले, बाजाराकडं पळाले त्यातल्या कोणाचे डोळे गेले, कोणाची छाती गेली, पण बरेच जगले. ओढ्याच्या मोरीपाशी मात्र अकरा जण सापडले, एकमेकांना धरून. छकुली आणि ते पोर त्यातच. आत्या उंचावर होती, तोंडाला ओली चादर होती, म्हणून वाचली. काका हौदात डोकं बुडवून बुडवून वाचले.

हाक ज्यांनी नीट ऐकली ते बहुतेक ओढ्यापाशीच राहिले. वाचलेल्यांना एवढंच आठवत होतं की कोणीतरी ओरडलं होतं. कोण ओरडलं ते एका काकांना माहीत होतं, जिना उतरताना त्यांनी ऐकलं होतं. डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत दवाखान्यात ते आत्याला म्हणाले, "हे बघ, तोंडातून अक्षर काढू नकोस. तू वारा सांगितलास आणि वारा बरोबर होता."

"मग पोरं का मेली, काका?"

काकांनी कूस बदलली.

भाऊ दुसऱ्या दिवशी आला. ओळख पटवायला तोच गेला, वहिनीला जाऊ दिलं नाही. परत आला आणि म्हणाला, "आहे." बस. पुढं सहा वर्षं जगला, पण काय पाहिलं ते त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही. वहिनी महिनाभरानं शाळेत गेली आणि दुपारच्या आत परत आली. सगळीकडं सतरा वर्षांच्या मुली, दोन वेण्या घातलेल्या. राजीनामा दिला. मग आत्याच तिला धुलाईत घेऊन गेली.

आता मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघी लागतात. समोरासमोर उभं राहायचं, दोन दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींपाशी यायचं आणि टोकं समोरचीच्या हातात द्यायची. हातावर हात, नजरेला नजर, मग परत मागं. दिवसाला शंभर चादरी. आत्या आणि वहिनी दिवसाला शंभर वेळा एकमेकींपाशी यायच्या. आणि दर वेळी टोकं हातात देताना आत्याच्या मनात यायचं, आता सांगते. वहिनी म्हणायची, "वन्सं, धरा ना नीट, निसटतंय." की आत्या मागं सरकायची. असं वर्षानुवर्षं.

वारा सांगणं तिनं सोडलं. कोणी नवीन भाडेकरू कौतुकानं विचारायला आला तर म्हणायची, "मला काय विचारता, आभाळाला विचारा."

कारखाना तर बंदच झाला होता. साहेब लोक गेले, कुलूप लागलं, आतला माल मात्र तिथंच. मागच्या बाजूला मोठाले खड्डे होते, त्यात गाळ ओतून वर नुसतं प्लॅस्टिक अंथरलं होतं. ते फाटलं. पाऊस पडायचा, पाणी मुरायचं. पाचव्या वर्षी चादरी पिवळ्या पडायला लागल्या. आत्याला वाटलं सोडा भेसळीचा आहे. सोडा बदलला, साबण बदलला, नीळ दुप्पट घातली. एक दिवस काकांनी वरून हाक मारली. त्यांना एका डोळ्यानं अंधुक दिसायचं, पण हाताला सवय होती म्हणून इस्त्री चालूच होती.

"इकडं ये. वास घे."

त्यांनी चादरीवर तापलेली इस्त्री टेकवली. वाफ निघाली आणि आत्या दोन पावलं मागं गेली. तोच वास. हलका, पण तोच.

"पाण्यात आलंय," काका म्हणाले.

"कुठल्या पाण्यात?"

"आपल्या बोअरच्या. दुसरं कुठलं आहे?"

तेच पाणी वस्ती पीत होती. आत्यानं दवाखान्यात जाऊन सांगितलं, या चादरींवर आजारी माणसं झोपवू नका. त्यांनी कंत्राट दुसऱ्याला दिलं. सरकारी माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली, अहवाल येईल म्हणाली. बाटल्या भरून न्यायला ती पुढंही तीनदा आली. ओढ्याकाठचं गवत काळं पडलं, बेडूक ओरडेनासे झाले. गल्लीत एक मूल जन्मलं, त्याच्या हाताची बोटं जोडलेली. दुसऱ्या घरात तीन वेळा पाळणा बांधला आणि सोडला. ज्यांच्या जन्माआधी ते सगळं घडलं होतं त्या मुलांच्या अंगावर चट्टे. आत्याच्या हातांची सालं निघायची, ती हातमोजे घालून धुवायची, हॉटेलांचे टॉवेल, खानावळींचे टेबलावरचे कपडे, जे मिळेल ते. रस्त्याच्या वरच्या टोकाला एक चांगला नळ होता, तिथून वहिनी आणि ती दोघी प्यायचं पाणी वाहून आणायच्या. तीन जिने चढल्यासारखा चढ. आत्या दर दहा पावलांवर थांबायची. वहिनी चिडवायची, "चला हो महाराणी, पालखी मागवू का?"

"मागव. चार भोई धडधाकट सापडतात का बघ या वस्तीत."

चौदाव्या वर्षी चौकशी आयोग बसला. एवढ्या वर्षांनी कंपनीचं म्हणणं असं पडलं की जे घरात दारं लावून बसले त्यांना फारसं झालं नाही, जे मेले ते आपल्या चुकीनं भलतीकडं पळाले म्हणून मेले. वस्तीच्या बाजूनं एक वकीलबाई होत्या, तरुण, धावपळीच्या. त्यांनी सगळ्यांना बसवून बजावलं, "कोणी सांगितलं म्हणून पळालो, असं कोणी म्हणायचं नाही, नाहीतर कंपनी सगळं त्या सांगणाऱ्यावर ढकलेल. जो तो आपापला पळाला. समजलं?" आत्याला साक्षीला घ्यावंच लागणार होतं, कारण पांढरं बाहेर आल्यापासून गल्लीत उतरेपर्यंत वरून बघणारी तीच एक होती. काकांनी तेवढ्यात वकीलबाईंना बाजूला घेऊन हाकेचं सांगितलं असावं. बाई आत्याकडं आल्या, हळूच म्हणाल्या, "मावशी, काय पाहिलं ते सांगा. काय बोललात ते कोणी विचारत नाहीये."

आत्याला वहिनीला आधी घरी सांगायचं होतं. साक्षीच्या आदल्या दिवशी तिनं तसं ठरवलंही. दोघी जेवायला बसल्या. "वहिनी, एक सांगायचंय." वहिनी म्हणाली, "मलाही. उद्या मी येणार आहे तिथं. छकुलीचं नाव कोण कसं घेतं ते मला ऐकायचंय." आत्या पाणी प्यायली आणि ताट उचलून उठली.

सभागृह जुन्या पोस्टासारखं, उंच पंखे, लाकडी बाकं. आयोगाचे साहेब मधे, बाजूला टंकलेखक. वहिनी तिसऱ्या बाकावर, मांडीवर पिशवी. आत्यानं पाहिलं ते सगळं नीट सांगितलं, आवाज, पांढरं, भोंगा न वाजणं. मग कंपनीचा वकील उठला. गोड माणूस होता, आधी पाणी दिलं, बसा म्हणाला.

"बाई, लोक ओढ्याकडं पळताना तुम्ही पाहिलेत?"

"पाहिले."

"सगळ्यांत पुढं कोण होतं?"

आत्यानं तिसऱ्या बाकाकडं बघितलं.

"एक तरुण मुलगी, कडेवर मूल. असं आधीच्या साक्षीत आलंय. बरोबर?"

"हो."

"म्हणजे ती पुढं आणि बाकी नऊ जण तिच्या मागं. मग त्या सगळ्यांना खाली घेऊन गेली ती तीच मुलगी, असंच ना?"

तिसऱ्या बाकावर वहिनीच्या हातात पिशवीची दोरी आवळली गेली. वकीलबाई उठून म्हणाल्या, साक्षीदाराला हे कसं माहीत असणार. साहेब म्हणाले, पाहिलं असेल तर सांगू द्या. आत्यानं मनात म्हटलं असेल, "हो" म्हटलं की सुटले. मेलेल्या पोरीला काय त्याचं. कोणालाच काही कळलं नसतं.

"नाही," आत्या म्हणाली. "तिनं नाही नेलं. मी पाठवलं. मी वरून ओरडले, ओढ्याकडं पळा म्हणून. वारा बाजाराकडं होता, मी चादरी बघून सांगितलं. पोरीनं माझं ऐकलं, बाकीच्यांनीही माझंच ऐकलं." मग तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "आणि साहेब, आम्ही यांच्या भिंतीला लागून वीस वर्षं राहिलो. यांच्या एका माणसानं येऊन कधी सांगितलं नाही की हे वाऱ्यानं जात नाही, उतारानं जातं. मला चिमणीचा धूर माहीत होता. एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर मी..."

"पुरे," वकील म्हणाला. "साहेब, उत्तर नोंदवून घ्यावं."

साहेबांनी सांगितलं आणि टंकलेखकानं टकटक टाइप केलं. आत्यानं विचारलं, "माझं पुढचं लिहिलं का?" साहेब म्हणाले, "ते प्रश्नात नव्हतं." तिसरीपर्यंत शिकलेली बाई. तिनं सही केली तेव्हा कागदावर दोनच ओळी होत्या.

बाहेर आल्यावर लोकांनी घेरलं. ज्यांची माणसं मोरीपाशी गेली होती ते तर हमरीतुमरीवर आले. कोपऱ्यावरचा सायकलवाला, त्याचा भाऊ त्या अकरांत होता, तो ओरडला, "चौदा वर्षं मूग गिळून बसलीस आणि आज तोंड उघडलंस? आज?"

काका मधे पडले. "तिनं काय खोटं बोलायला हवं होतं का?"

"हो! बोलायला हवं होतं! सगळे बोलत होते ना!"

वहिनी त्यात नव्हती. ती केव्हाच उठून घरी गेली होती.

निकालाच्या कागदात त्या अकरा जणांची यादी वेगळी लावली गेली. दुर्घटनेत मृत, या यादीत नाही. चुकीच्या दिशेनं पळाल्यानं मृत, अशी निराळी, भरपाई नसलेली. गल्लीत बायका आत्या दिसली की नळावरून हंडा उचलून चालू लागायच्या. वकीलबाई वर दाद मागू म्हणाल्या, अजून मागताहेत.

आणि घरात वहिनी बोलायची बंद झाली. दोन खोल्यांचं घर, जाणार कुठं. ताट वाढायची, समोर ठेवायची, बोलायची नाही. आत्याचं औषध वेळेवर काढून ठेवायची, बोलायची नाही. धुलाईत थोडंफार काम उरलं होतं, तिथं वहिनी चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरून एकटीच घडी घालायची. वाकडी यायची घडी, तरी. आठ महिने. आत्या आधीच पोखरलेली होती, त्या आठ महिन्यांत पार खाटेला लागली. नाकाला नळी आली, बाजूला घुरघुरणारं यंत्र.

एके दुपारी वहिनी भांडी घासून आली, हात पुसले, आणि खाटेशेजारी जमिनीवर बसली.

"काय म्हणाली ती?"

आत्याला कळेना की ही आपल्याशीच बोलतेय. "कोण?"

"छकुली. तुम्ही वरून ओरडलात, ती खालीच उभी होती. तुमच्याकडं बघून बोलली असणार. काय म्हणाली?"

आत्यानं नाकाची नळी सारखी केली.

"वन्सं, तुम्ही हाक मारलीत त्याचं काय करायचं ते माझं मला अजून ठरलेलं नाही," वहिनी म्हणाली. "पण माझ्या पोरीला शेवटचं बघितलेलं माणूस माझ्याच घरात होतं. रोज समोर उभं राहायचं. आणि मी पंधरा वर्षं भिंतीला विचारत बसले. ते का लपवलंत?"

हाक लपवायची म्हणून तिनं ते सगळंच गिळलं होतं. त्यातलं दुसरं कोणाचं काही आहे हे तिच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. ती रडली, मग धाप लागली, मग वहिनीनं यंत्राचा काटा वाढवला आणि परत तिथंच बसली. उठली नाही.

मग आत्यानं सांगितलं. एका दमात तीन शब्द निघायचे. छकुली म्हणाली, आत्या, तू? आत्या म्हणाली, चादरी काढते नि येते, तू हो पुढं. छकुली म्हणाली, मरू देत ना त्या चादरी. आत्या म्हणाली, जा म्हणते ना! मग छकुली चार पायऱ्या उतरली आणि परत वळली. म्हणाली, आईला शाळेतून कोण आणणार? आत्या म्हणाली, मी आणते. मग गेली.

"आईला कोण आणणार, म्हणाली?"

"हो."

वहिनी खाटेच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "परत सांगा. पहिल्यापासून."

तेव्हापासून रोज दुपारी तेच. वहिनी यायची, बसायची, विचारायची. केस कसे होते? एक वेणी, घाईत घातलेली. अंगावर काय होतं? निळं, ठिपक्यांचं. पोर रडत होतं का? नाही, तिच्या कानातलं ओढत होतं. ती घाबरलेली होती का? आत्या खरं सांगायची, हो, थोडी. कधी अर्ध्यावर दम संपायचा, मग उरलेलं दुसऱ्या दिवशी. वहिनी घाई करायची नाही. पण गोडही बोलायची नाही. काका एकदा भेटायला आले होते, दाराशीच काठी टेकून ऐकत उभे राहिले आणि तसेच परत गेले.

एक दिवस वहिनीनं विचारलं, "पायात काय होतं?"

आत्यानं डोळे मिटले. "नाही आठवत."

"आठवा ना. नवीन चपला आणल्या होत्या मी, त्या होत्या का?"

"नाही आठवत गं. हो म्हणू का?"

"नको," वहिनी म्हणाली.

चौथ्या दिवशी आत्या गेली. दुपारीच, यंत्र चालू असताना. वहिनीनंच सगळं केलं, कोणाला हात लावू दिला नाही. गल्लीतली चारपाच माणसं आली, सायकलवाला आला नाही.

पुढं घरातल्याच कोणीतरी वहिनीला विचारलं, शेवटी तुम्ही माफ केलंत का हो त्यांना? वहिनी खाट उभी करून भिंतीला लावत होती. तशीच पाठमोरी म्हणाली, "माफीचं काय घेऊन बसलात. माझं अजून विचारून संपलं नव्हतं."